भोपळ्याची जागा

फार पूर्वी, माग हातापायांनीच चालायचे तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावरच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक कोष्टी राहत होता. एरवी लुगडी विणायचा, लग्नसराई आली की शेले विणायचा. त्याची बायको येसू रहाटावर सूत गुंडाळून त्याला कांड्या भरून द्यायची. एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या गावी गेली होती. घरात आता माणसं दोघंच, आणि तिसरा भोपळ्या.

भोपळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. लहानपणी तो इतका गोल होता की चालण्याऐवजी गडगडायचा, म्हणून लेकीने त्याचं हे नाव ठेवलं होतं. आता त्याच्यात गोल असं काहीच उरलं नव्हतं. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते, मागचे पाय उठताना थरथरायचे, आणि भाकरीचा तुकडा दुधात भिजवल्याशिवाय त्याला चावत नसे.

मागासाठी जमिनीत एक खड्डा खणलेला असतो. विणणारा त्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. लिंबाजीच्या मागाच्या खड्ड्याशेजारी, चुलीच्या पाठच्या भिंतीला लागून एक कोपरा होता. चुलीमुळे ती भिंत दिवसभर कोमट असायची. तिथे एक जुनं पोतं घातलेलं होतं आणि त्या पोत्यावर भोपळ्या पडून असायचा. सूत तुटलं, की लिंबाजीचा एक हात सूत शोधायचा आणि दुसरा नकळत भोपळ्याच्या कानामागे जायचा. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्षही जात नसे.

सुगी संपली की त्या गावात धनगरांचे कळप येत. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत, म्हणजे जमिनीला खत मिळे. त्या वर्षी कळपाबरोबर ठकूबाई नावाची धनगरीण आली होती. तिने लिंबाजीकडून लुगडं विणून घेतलं होतं. ते द्यायला लिंबाजी तिच्या पालावर गेला, तर तिथे कुत्री व्यालेली. तो बोलत उभा होता तेवढ्यात एक काळंभोर पिल्लू धडपडत आलं, त्याच्या पायावर चढलं आणि चपलेच्या अंगठ्यात नाक खुपसून तिथेच झोपी गेलं.

लिंबाजी हलेना. बोलणं संपलं, लुगडं देऊन झालं, तरी तो एका जागी उभाच.

"दादा, पाय अवघडंल," ठकूबाई म्हणाली.

"अवघडू दे. आक्का, हे पिल्लू मला द्याल का?"

ठकूबाईने त्याच्याकडे आणि पिल्लाकडे पाहिलं. "देईन की. पण अजून आईला पितंय. ताटलीतलं दूध प्यायला लागलं की न्या. तोवर घर तयार करा. हे पाहुणं म्हणून नाही येणार, राहायला येणार आहे."

लिंबाजी घरी आला तो उड्या मारतच. "येसू, आपल्याकडे पिल्लू येणार. मिरीच्या दाण्यासारखं काळं आहे. आपण तिला मिरीच म्हणू."

येसूलाही आनंद झाला. लेक गेल्यापासून घर फार शांत झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाजी तयारीला लागला. पिल्लाच्या डोळ्यांनी घर बघायचं म्हणून तो स्वतः गुडघ्यांवर बसून घरभर रांगला. येसू तांदूळ निवडत होती, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. पण रांगल्यामुळे लिंबाजीला बरंच काही दिसलं. सुताची लडी खाली लोंबत होती, ती पिल्लू ओढणार. त्याने उंच खुंट्या ठोकल्या आणि सगळं सूत वर टांगलं. सुताला लावायच्या खळीचं मडकं फळीवर ठेवलं. मागाच्या खड्ड्यात पिल्लू पडेल, म्हणून त्यावर घालायला फळ्यांचं झाकण केलं. परसात येसूची कण्हेर होती. कण्हेरीचं पान विषारी, पिल्लाने चघळलं तर काय घ्या, म्हणून तिच्याभोवती काटेरी कुंपण घातलं. कुडाला खाली एक भोक होतं ते चिखलाने लिंपलं. विणताना उरलेल्या रंगीबेरंगी चिंध्या शिवून एक मऊ गादी केली. पाणी प्यायला नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली.

"लेकीच्या वेळी एवढी धावपळ नव्हती केलीत," येसू म्हणाली.

"लेकीच्या वेळी मला कुठे काय कळत होतं?" लिंबाजी म्हणाला.

या सगळ्यात एका मोठ्या घरच्या लग्नाचा शेला मागावर अर्धा राहिला होता. रोज सकाळी तो म्हणायचा, आज बसतो, आणि रोज त्याला पिल्लासाठी काहीतरी नवं सुचायचं.

मग प्रश्न आला, गादी कुठे घालायची. दाराशी वारा. खोलीच्या मध्ये पायात येणार. लिंबाजीने गादी हातात घेऊन घरभर फेऱ्या मारल्या आणि शेवटी तो मागाशेजारच्या त्या कोमट कोपऱ्यापाशी थांबला. त्याहून चांगली जागा घरात नव्हतीच.

तिथे भोपळ्या झोपला होता.

"तो तिथे झोपतो," येसू म्हणाली.

"अगं, तो आता म्हातारा झाला. त्याला काय, कुठेही पडला तरी झोप लागते. पिल्लू आईपासून तुटून येणार, त्याला ऊब नको का?" लिंबाजी म्हणाला. "शिवाय म्हाताऱ्या कुत्र्याचा भरवसा नाही. पिल्लू अंगावर गेलं आणि याने दात लावला तर?"

"त्याने कधी उंदरालासुद्धा दात लावला नाही," येसू म्हणाली. पण लिंबाजीने पोतं उचललंही होतं.

परसात लाकडं ठेवायची पडवी होती. तिथे त्याने पोतं नीट झटकून अंथरलं, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. वाईट वागतोय असं त्याला मुळीच वाटलं नाही. भोपळ्या त्याच्या मागोमाग आला, पोत्याचा वास घेतला, आणि पुन्हा घरात जाऊन आपल्या कोपऱ्यात उघड्या जमिनीवर बसला. लिंबाजीने त्याला गळ्याला धरून बाहेर नेलं. तो परत आला. पुन्हा नेलं, पुन्हा आला. शेवटी लिंबाजीने सुताची जाड दोरी वळली आणि त्याला पडवीच्या खांबाला बांधलं.

भोपळ्याला जन्मात कुणी बांधलं नव्हतं. त्याने दोरीकडे पाहिलं, मग लिंबाजीकडे पाहिलं. भुंकला नाही, ओढाओढ केली नाही. पोत्यावर बसला आणि घराकडे पाठ केली.

"बघ, शिकला," लिंबाजी आत येऊन म्हणाला.



थोड्याच दिवसांत निरोप आला आणि लिंबाजी मिरीला घेऊन आला. सदऱ्याच्या आत, छातीशी धरून. गादी तयार होती, दूध तयार होतं, सगळं घर तयार होतं. मिरीला मात्र त्यातलं काही म्हणजे काही नको होतं. तिला गादीवर ठेवलं की ती खाली उतरे आणि रडे. कडेवर घेतलं की थांबे, खाली ठेवलं की पुन्हा सुरू. दूध करवंटीतून सांडलं. उंच टांगलेल्या सुताची एक लडी कशी कोण जाणे तिच्या तोंडात आली. चुलीजवळ एकदा आणि देवासमोर एकदा तिने ओलं केलं. संध्याकाळपर्यंत लिंबाजीच्या कपड्यांवर दूध, राख आणि आणखी बरंच काही होतं.

"भोपळ्याला सोडते जरा," येसू म्हणाली. "दोघांची ओळख तरी होऊ दे."

तिने दोरी सोडली. भोपळ्या हळूहळू आत आला. मिरी रडायची थांबली आणि शेपूट हलवत त्याच्याकडे गेली. त्याने तिचा वास घेतला. मग मान वर करून आपल्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे चिंध्यांची रंगीत गादी होती, स्वच्छ करवंटी होती. तो थोडा वेळ बघत राहिला. मग वळला, ओटीवरून उतरला आणि फाटकातून बाहेर पडला.

"फिरून येईल," लिंबाजी म्हणाला.

येसूने भाकरी दुधात भिजवून ठेवली. ती तशीच राहिली. सकाळी पाहिलं तर त्या ताटलीला मुंग्या लागल्या होत्या आणि पडवीतलं पोतं थंडगार होतं.

लिंबाजीने मागाकडे पाहिलं. लग्न जवळ आलं होतं, शेला त्या दिवशी पुरा करायलाच हवा होता. तो बसला, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला. दोनचार ओळी विणल्या. एक सूत तुटलं. त्याने सवयीने हात बाजूला नेला. हाताला चिंध्या लागल्या.

तो उठला. "येसू, मिरीकडे बघ," एवढंच म्हणाला आणि निघाला.

नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं. देवळापाशी पाहिलं. गुराख्यांना विचारलं. वाटेत उकिरड्यावर दोन कुत्री दिसली, ती दुसरीच होती. भोपळ्याचे पाय किती जातील, असं म्हणत तो आधी जवळपास हिंडला, मग लांब लांब जाऊ लागला. जसा सूर्य वर आला तसे त्याच्या डोळ्यांपुढे भलते विचार यायला लागले. विहीर दिसली की तो आत वाकून बघायचा.

शेवटी गावाबाहेरच्या रानात, धनगरांच्या पालांपाशी, मेंढ्यांच्या वाड्याच्या कडेला त्याला भोपळ्या दिसला. तो बाभळीच्या सावलीत पडला होता. मिरीची आई त्याच्यापासून जरा अंतरावर बसली होती.

लिंबाजीचा जीव भांड्यात पडला. "भोपळ्या," त्याने हाक मारली. भोपळ्याने डोळे उघडले. शेपूट जमिनीवर एकदा हलवली. पण उठला नाही.

ठकूबाई पालातून बाहेर आली. "हा तुमचा होय? काल दिवस मावळताना आला. पिल्लाच्या वासाचा माग काढत आला असंल. काही खाईना बघा. आमची कुत्री परक्याला उभं करत नाही, पण हिनं याला काही केलं नाही." मग तिने विचारलं, "पिल्लू कसं हाय? घर तयार केलं होतं ना?"

"केलं होतं तर," लिंबाजी म्हणाला. आणि तो सांगू लागला. सूत वर टांगलं, खड्ड्यावर झाकण केलं, कण्हेरीला कुंपण घातलं. सांगताना त्याला जरा बरं वाटू लागलं. "गादी केली आक्का, इतकी मऊ, की काय सांगू. आणि ती घातली ती घरातल्या सगळ्यांत उबदार जागी. चुलीमागच्या भिंतीला लागून, जिथे..."

आणि तो तिथेच थांबला.

ठकूबाई वाट पाहत होती. त्याने भोपळ्याकडे पाहिलं. त्याच्या गळ्याभोवती दोरीने केस दबून एक रेघ उमटली होती.

ठकूबाईला बहुधा समजलं. ती टोचून काही बोलली नाही. उलट मायेनेच म्हणाली, "दादा, एक सांगू? याला इथंच राहू द्या. म्हाताऱ्या कुत्र्याला काय लागतंय? एक भाकरी खाईल, मेंढ्यांच्या उबेला पडंल. आमच्यात याला कुणी हिडीसफिडीस करायचं नाही. आणि तुमच्या पिल्लालाही घर मोकळं मिळंल. तुम्ही जा, तुमचं काम खोळंबलं असंल."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. इथे भोपळ्याला ऊब मिळाली असती, खायला मिळालं असतं. घरी शेला अर्धा पडला होता, पिल्लू रडत होतं. हो म्हटलं की सगळं सोपं होणार होतं. वर कुणी नावही ठेवलं नसतं.

लिंबाजीने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "आक्का, ऊब त्याला कुठेही मिळेल. पण त्याचं घर माझ्याकडे आहे. मी त्याला घरातून उठवलं. आता मीच त्याला घेऊन जायला हवं."

तो बाभळीखाली गेला. भोपळ्याला उचलून खांद्यावर टाकणं कठीण नव्हतं, तो हलका झाला होता. पण लिंबाजीच्या मनात आलं, की मी गळ्याला धरून याला बाहेर नेलं, आता गळ्याला धरून आत नेऊ नये. म्हणून तो नुसता त्याच्याजवळ मातीत बसला. हातसुद्धा लावला नाही.

"माझं चुकलं रे," तो हळूच म्हणाला.

भोपळ्याने डोळे मिटून घेतले. ऊन सरकलं तशी सावली सरकली, लिंबाजी सावलीबरोबर सरकला नाही. ठकूबाईने भाकरी आणि ताक आणून दिलं. त्याने भाकरीचा तुकडा ताकात बुडवला, चांगला मऊ केला आणि पानावर ठेवून भोपळ्यासमोर सरकवला. भोपळ्या तसाच पडून राहिला. मग एकदा नाक हललं. मग त्याने तो तुकडा खाल्ला. लिंबाजीने दुसरा भिजवला. तोही गेला. भाकरी संपली तेव्हा भोपळ्या थरथरत्या पायांवर उठला, अंग झाडलं, आणि गावाच्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला.

"चला म्हणतोय," ठकूबाई म्हणाली. तिने पदराने डोळे टिपल्यासारखं केलं, पण धूळही पुष्कळ होती तिथे.

दोघं सावकाश घरी आले. वाटेत भोपळ्या दमला की लिंबाजी थांबायचा. येसू फाटकात उभी होती, तिच्या कडेवर मिरी. लिंबाजी सरळ पडवीत गेला, पोतं उचललं, झटकलं. आत येऊन त्याने गादी बाजूला केली आणि पोतं मागाशेजारी होतं तिथे घातलं. भोपळ्याने त्यावर दोन गिरक्या घेतल्या, धप्पकन बसला आणि एक लांब श्वास सोडला.

"मग मिरीला कुठे?" येसूने विचारलं.

"शोधू. घर एवढं काही लहान नाही."

त्यांनी शोधायच्या आधीच मिरी येसूच्या कडेवरून खाली घसरली आणि तुरुतुरु भोपळ्याकडे गेली. त्याच्या अंगावर चढली, त्याचा कान तोंडात धरला. भोपळ्या खोल आवाजात गुरगुरला. लिंबाजी धावला.

"थांबा," येसूने त्याचा हात धरला. "त्यांचं त्यांना बोलू द्या."

मिरीने कान सोडला आणि चटकन खाली बसली. इतकं साधं, सरळ तिला त्या घरात अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने ती पोटावर सरपटत, भीत भीत पुन्हा जवळ गेली आणि पोत्याच्या अगदी कडेला पडली. भोपळ्याने तिच्याकडे पाहिलं. मग थोडा आत सरकला. मिरी त्याच्या पोटाशी शिरली आणि आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपली.

शेला एक दिवस उशिरा गेला. लग्नघरच्या मालकिणीने दारात उभं राहून लिंबाजीला चांगलं खडसावलं, आणि त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

मिरी भोपळ्याच्या मागे मागे फिरू लागली. तो परसात जाई तेव्हा ती जाई, म्हणून घर कोरडं राहू लागलं. तो सुताला तोंड लावत नसे, म्हणून तिनेही सोडून दिलं. कण्हेरीजवळून तो लांबून वळे, तीही वळे. लिंबाजीने खुंट्या ठोकून, कुंपणं घालून जे तिला शिकवायचं म्हटलं होतं, ते म्हाताऱ्याने नुसतं रोजच्यासारखं वागून शिकवलं.

पुढच्या सुगीनंतर धनगरांचे कळप पुन्हा आले. ठकूबाई मिरीला बघायला मुद्दाम लिंबाजीच्या घरी आली. वर्षभरात भोपळ्या फारच थकला होता. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. मिरी मात्र उंच, तकतकीत, आईसारखी देखणी झाली होती.

ठकूबाईने फाटक वाजवलं. उघड्या दारातून तिला आतलं दिसत होतं, मिरीचे कान ताडकन उभे राहिले. पण ती भुंकली नाही, धावलीही नाही. तिने आधी शेजारी झोपलेल्या भोपळ्याच्या मानेला नाकाने ढोसलं. एकदा, मग पुन्हा. भोपळ्या जागा झाला, सावकाश उठला, पाय ताणले. मग दोघं मिळून दाराशी आली, तो पुढे आणि ती एक पाऊल मागे. भोपळ्या आपल्या खरखरीत आवाजात भुंकला. त्याचं झाल्यावर मग मिरी भुंकली.

ठकूबाई फाटकातच थांबली. म्हाताऱ्याचं पोटभर भुंकून होईपर्यंत तिने आत पाऊल टाकलं नाही.

"दादा," ती मग म्हणाली, "पिल्लू चांगल्या घरी पडलं."

मुलांनो, आणि मुलांना ही गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तिचं तात्पर्य एवढंच: घरात नवं कुणी येणार असेल, तर त्याच्यासाठी आणखी एक जागा करावी, आधीपासून असलेल्याला उठवून ती देऊ नये.